पेडल तळाला गेलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे, आणि त्या दुपारपासून माझ्या अंगावरचा शहारा गेलेला नाही. लोखंडाला कसला आलाय शहारा, म्हणून हसू नका. माझ्या हातून जे होता होता राहिलं, ते आठवलं की अजून इंजिनात धडधडतं.

कुणी माझा पत्रा कापला, कुणी सांधा जोडला, कुणी पिवळा रंग चढवला, आणि मी रंगाच्या डब्यांच्या या गोदामात आले. ट्रकमधून डब्यांचे थर उतरवायचे, अरुंद बोळांतून न्यायचे, रॅकवर अलगद ठेवायचे, हे माझं काम. मला चालवत ते तात्या. फडक्यानं माझा चेहरा पुसत, "चला बाई, लागू कामाला," म्हणत, आणि ब्रेक ऑइलची डबी उघडून बघत. जरा कमी दिसलं की थोडंसं ओतत, काठोकाठ. तपासणीच्या कागदावर वर्षानुवर्षं एकच नोंद: ऑइल पूर्ण. साहेब इतर ड्रायव्हरना सांगत, गाडी सांभाळावी तर तात्यांसारखी. मी आपली फुगून जात असे.

पण मित्रांनो, ब्रेकचं ऑइल उन्हात वाळणारं पाणी नव्हे. बंद नळीत ते कमी होत असेल, तर कुठेतरी जात असतं. माझ्या पुढच्या डाव्या चाकाच्या आत एक रबरी कडी झिजली होती. थेंब थेंब ऑइल आतल्या आत पाझरत होतं, चाकाला आतून घट्ट धरणारे ब्रेकचे शू भिजत होते, वरून मात्र सगळं कोरडं ठाक. पेडल मऊ पडत गेलं. पहिल्या दाबात काहीच हाती लागेना, दुसऱ्यात ब्रेक लागे. तात्यांचा पाय शहाणा. तो आपोआप दोनदा दाबायला शिकला. इतक्या हळूहळू शिकला, की तात्यांनाही पत्ता लागला नाही. मला तोंड नाही. सांगणार कशी?

मग तात्यांची लेक कामावर आली. फोर्कलिफ्टचं रीतसर शिक्षण घेतलेली, परवाना खिशात. बापाची छाती अभिमानानं भरून आली. किल्ली घेताना तिनं विचारलं, "बाबा, हिच्याबद्दल काही सांगायचंय?"

"गुणाची आहे. डोळे मिटून चालव."

पोरीनं डोळे नाही मिटले. हॉर्न बघितला, ओझं उचलायचे पुढचे काटे बघितले, डबी बघितली, काठोकाठ. ओझं उचलण्याआधी गाडी थोडी चालवून ब्रेक दाबून बघायचा, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण बापाच्या शब्दानंतर पुन्हा तपासणं तिला अवघड वाटलं. तेवढंच राहून गेलं.

पांढऱ्या रंगाच्या डब्यांचा थर घेऊन आम्ही बोळात शिरलो. टोकाला तात्या पाठमोरे, रॅकवरची चिठ्ठी वाचत उभे. तिनं पेडल दाबलं. ते थेट तळाला गेलं. मी थांबले नाही! तिनं हँडब्रेक ओढला. तोही त्याच भिजलेल्या शूंवर घसरला. तिनं हॉर्न वाजवला. तात्यांना वाटलं, लेक ऐट दाखवतेय. त्यांनी वळून न बघताच हात वर केला.

तो वर केलेला हात मला अजून दिसतो.

पोरीनं काटे खाली सोडले. डब्यांखालच्या लाकडी फळ्या जमिनीवर करकरल्या, ढलप्या उडाल्या, एक डबा फुटला, आणि मी थांबले. तात्यांची पाठ आणि पहिला डबा यांत वीतभर जागा होती. पांढरा रंग त्यांच्या बुटांभोवती पसरत गेला.

लेक उतरली. तात्यांच्या तोंडून पहिलं निघालं, "अगं, दुसऱ्यांदा का नाही दाबलंस?"

"बाबा, ब्रेक दोनदा दाबायचा असतो, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

तात्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. जणू परक्या माणसाचा होता.

मेकॅनिकनं चाकांना ठोकळे लावले, किल्ली खिशात टाकली. पेडल दाबून धरलं, तर ते हळूहळू खाली बसत गेलं. बाहेरच्या नळ्या कोरड्या होत्या. मग डावं चाक उतरवलं, आणि काळ्या ऑइलात निथळणारे शू सगळ्यांना दिसले. रोज किती ओतता, असं त्यानं विचारलं. कधी कमी पडू दिलं नाही, तात्या पुटपुटले. मेकॅनिक म्हणाला, "एकदा पडू द्यायचं होतं, तात्या. कुठं जातंय, ते तरी कुणी विचारलं असतं."

नव्या कड्या आल्या, नवे शू आले. लेक पेडल दाबून धरी, मेकॅनिक नळीतली हवा काढी, तात्या बुडबुडे बघत उकिडवे बसलेले. सगळे संपेपर्यंत ते उठले नाहीत.

शेवटी रिकाम्या अंगणात मला चालवून बघायला तात्याच बसले. पाय सवयीनं दोनदा पडला आणि मी गचकन थांबले. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. ते खाली उतरले, किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "मला पहिल्यापासून शिकव."

मित्रांनो, माझ्यावर कुणी माया केली नाही, असं मी कसं म्हणू? फार केली. म्हणूनच विनवते, रोज थोडं थोडं काही कमी होत असेल, तर नुसतं भरत राहू नका. ते कुठे जातंय, ते शोधा. आणि घरी सायकल असेल, तर आज तिच्यावर बसण्याआधी ब्रेक दाबून बघा. आपल्याच माणसानं ती चांगली आहे असं सांगितलं असलं, तरीही.