दोघांचा शब्द

"आईचं सांगून झालं. आता बापानं बोलावं," वेशीवरचा म्हातारा पंच म्हणाला.

पाथरवट एक पाऊल पुढे आला. शेजारी बायको उभी होती, उजवा हात गळ्यात बांधलेला. दारूचं मडकं लपवलं म्हणून पोराने परवा मुसळाने तो मोडला होता. तेच पोर आता दोरखंडाने बांधलेलं, समोर गुडघ्यांवर बसलं होतं.

यहुद्यांना मोशेने दिलेलं नियमशास्त्र अगदी स्पष्ट होतं. आईबापाला न जुमानणाऱ्या दारुड्या मुलाला वेशीवर आणायचं आणि गावाने दगडांनी ठार मारायचं. मात्र आई आणि बाप, दोघांनीही तसं पंचांपुढे सांगायला हवं. एकट्याचा शब्द चालत नाही.

पाथरवट नियमापुढे मान तुकवणारा माणूस. एकदा शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी पायात दगडाची कपची घुसली, तर काढणं म्हणजे काम झालं म्हणून सूर्य मावळेपर्यंत तशीच ठेवली. अख्खं गाव हसलं होतं. आजचे दगडही त्यानेच फोडले होते, मुठीत मावतील असे. पंचांनी सांगितलं, त्याने फोडले. कोणासाठी ते माहीत असूनही फोडले. मागे इथेच एकाला मारलं, तेव्हा पाथरवटानेही दगड टाकला होता. जबडा निखळला तरी तो माणूस बराच वेळ ओरडत होता.

"हा तुझं ऐकतो का?" पंचाने विचारलं.

पोराने मान वर केली. फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं. "बाबा," ते पुटपुटलं. कित्येक वर्षांत त्याने अशी हाक मारली नव्हती.

"ऐकतो," पाथरवट म्हणाला. "माझं ऐकतो."

"मग बायकोचा हात?"

"जिन्यावरून पडली ती."

जन्मात पहिल्यांदा तो देवासमोर खोटं बोलला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोरखंड सोडायला सांगितला. लोक दगड तिथेच टाकून घरी गेले.

वाटेत बायको एवढंच म्हणाली, "माझा हात मोडला तेव्हा कोपऱ्यात बसून होतात. तुमची ही माया तेव्हा कुठं गेली होती?"



आठ दिवस पोर गरीब गाईसारखं वागलं. नवव्या दिवशी पाथरवट खाणीवरून परतला तेव्हा बायको चुलीपाशी पडली होती. डाव्या हाताचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. "मला मारायला निघाली होतीस ना?" असं ओरडत पोर मारत होतं, हे शेजारणीने सांगितलं. ते पळालं, ते पुन्हा दिसलं नाही.

उजवा हात वाकडा जुळला. डावा जुळलाच नाही.

आता पाथरवट रोज खाणीवर जाण्याआधी तिला भरवतो. समोर बसून भाकरीचे तुकडे करतो. ती तोंड उघडते, पण त्याच्याकडे बघत नाही.

"अजून लहान करा," ती म्हणते.

तो अजून लहान करतो.