ओटी बांधलेलं कणीस

त्या गुरुवारी बाबल्या आजोबांच्या परसात जेवढी माणसं जमली, तेवढी त्यांच्या मुलाच्या लग्नातही नव्हती. लग्नात नुसतं जेवण होतं. इथे जेवण होतं आणि वर चमत्कार होता.

सगळ्यांच्या नजरा मक्याच्या एका झाडावर होत्या. झाडाच्या कणसाला लाल खण गुंडाळून वरून सुताने घट्ट बांधलेलं. झाडासमोर कणीसबाबा उभे. भगवी लुंगी, भगवं जॅकेट आणि कपाळावर इतकी हळद की तेवढ्यात आमच्या अख्ख्या वाडीचं हळदीकुंकू झालं असतं.

"एकवीस दिवस!" बाबा गरजले. "एकवीस दिवस देवी या कणसाच्या ओटीत बसली! घर शुद्ध, तर ओटी भरली! घरात दोष, तर ओटी रिती! बोला, भरली की रिती?"

आत काय आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. असे प्रश्न विचारायला सोपे असतात.

बाबांनी खण सोडला. आतून केसांचा भलामोठा झुबका बाहेर पडला. लांब, ओला, पांढुरका.

"पांढरे केस! म्हातारीचे केस!" बाबांनी पानं सोलली. आत दाणा नव्हता. एकही नाही. नुसता पांढरा दांडा.

"आई गो!" बायका मागे सरकल्या. मी पुढे सरकले, कारण त्यामुळे जागा झाली होती.

दोष बकऱ्यांच्या गोठ्यात निघाला. गोठ्याचं तोंड चुकीच्या दिशेला होतं म्हणे. बाबांनी बकऱ्या विकायला सांगितल्या, तिथल्या तिथे शांती केली, मग शेजारच्या झाडाचं, खण न बांधलेलं एक कणीस सोललं. त्यात दाणे गच्च. "देवी प्रसन्न!" उरलेली कणसं देवीची, म्हणून ती पोत्यात भरून बाबांच्या टेम्पोत गेली. देवीला मका फार आवडतो. टेम्पो भरून आवडतो.

आमच्या वाडीत हा गोड मका आणला माझ्या उमा वहिनीने. उमा वहिनी म्हणजे शेजारच्या घरातल्या मोठ्या काकीची सून, माझ्या संदेशदादाची बायको. दादा मुंबईला कामाला. दोन वर्षांपूर्वी वहिनीने देवरूखच्या बाजारातून बियाणं आणलं, भात कापून झाल्यावर परसात चार ओळी पेरल्या, न्हाणीचं पाणी वळवून दिलं, आणि कणसं अशी आली की पुढच्या वर्षी घरोघर मका. मग मक्याच्या मागून बाबा आले. ते घाटावरून आले एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

लोकांनी एवढा विश्वास का ठेवला, हे सांगायला हवं. आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव देवीला पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं लोक असं विचारत आलेत. त्यामुळे बाबांनी "हा कणसाचा कौल" म्हटल्याबरोबर लोकांना ते ओळखीचं वाटलं. आणि ओटी! बांधलेली ओटी मध्येच सोडून बघायची आमच्या वाडीत कुणाची हिंमत? म्हणून एकवीस दिवस खणाच्या आत काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही. बाबांना तेवढंच हवं होतं.

पुढच्या गुरुवारी मोठ्या काकीने बाबांना घरी बोलावलं.

वहिनीचा मका यंदा उशिरा पेरलेला, तुरे नुकते फुटत होते. बाबा ओळींमधून फिरले. एकेक कणीस वाकून बघितलं. केस बाहेर आलेली कणसं त्यांनी सोडून दिली. "कुमारी कणीस पाहिजे. केस न फुटलेलं." तसं एक कोवळं कणीस मिळालं, त्याला त्यांनी खण बांधला.

"लावलं कोणी?"

"सुनेने," काकी म्हणाली.

"लग्नाला किती वर्षं?"

"तीन." काकीने आवाज बारीक केला. "अजून काय नाय."

बाबांनी डोळे मिटले. "ओटी रिती निघाली, तर दोष लावणाऱ्या हातात. मग त्या हाताने या घरात राहायचं नाही. माहेरी जायचं. मी बोलावीन तेव्हा यायचं."

वहिनी न्हाणीच्या दारात उभी होती. रात्री काकीने संदेशदादाला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं. "आई, तू म्हणशील तसं," दादा म्हणाला. आवाज इतका बारीक, की नेटवर्क कमी होतं की दादा, ते कळेना.

मी नववीत आहे. यंदा वक्तृत्वात तालुक्याला दुसरी आले आणि तेव्हापासून मला गप्प बसणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात डबा खाणाऱ्या विज्ञानाच्या नम्रता मॅडमना गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं.

"केस न फुटलेलंच कणीस पाहिजे म्हणाला?" मॅडमनी डबा बंद केला. "सावनी, मक्याच्या कणसाला केस कशाला असतात?"

"शोभेला?"

"बस खाली."

आणि मॅडमनी सांगितलं. कणसाचा प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. झाडाच्या शेंड्यावर तुरा असतो, त्यातून पिवळी धूळ, म्हणजे पराग, वाऱ्याने खाली झडतो. परागाचा कण केसावर पडला, तर त्या केसाचा दाणा भरतो. नाही पडला, तर त्या केसाचा दाणा नाही. केस फुटायच्या आधीच कणीस कापडात बांधलं, तर आत पराग जाणार कुठून? आणि ज्या केसांना पराग मिळाला, ते सुकून तपकिरी होतात. ज्यांना मिळत नाही, ते वाट बघत वाढतच राहतात. लांब, ओले, पांढुरके.

"म्हातारीचे केस!" मी किंचाळले. अख्ख्या वर्गाने बघितलं.

"हे असं घरी जाऊन नुसतं सांगू नकोस," मॅडम म्हणाल्या. "नुसतं सांगण्यात बाबाचा हात तुझ्यापेक्षा जास्त बसलेला आहे. दाखव."

संध्याकाळी मी वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याने बांधलेलं रिकामंच निघणार."

"हो."

"आणि ते कुठल्याही घरात रिकामं निघेल?"

"कुठल्याही."

"मग तेजस्वीच्या घरी बांध," वहिनी म्हणाली. मला वाटतं, वाडीतली सगळ्यात हुशार बाई माझी वहिनी आहे. तेजस्वी माझी मैत्रीण. तिच्या वहिनीला त्याच महिन्यात जुळं झालं होतं. त्या घरात दोष काढायची कुणाची छाती नव्हती.

तेजस्वीच्या परसातला मकाही उशिराचा. तिथे आम्ही एक कोवळं कणीस बांधलं, अगदी बाबांसारखं. खण नव्हता, म्हणून तिच्या आईचं जुनं ब्लाउजपीस वापरलं. दुसरं कणीस वहिनीच्या चौथ्या ओळीत, मागच्या बाजूला. तेही तसंच बांधलं. फरक एकच. याचे केस फुटल्यावर वहिनी रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास तुरा कागदावर झटकायची, खण सोडून ती पिवळी धूळ केसांवर घालायची आणि खण पुन्हा बांधायची. असं आठवडाभर.

पहिल्या दिवशी सुताची गाठ धरून ती थांबली. "ओटी सोडतेय गो मी."

"मॅडम म्हणाल्या, हे कापड आहे."

"मॅडमना सासू नाय," वहिनी म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की काकी खिडकीत आली.

एकविसाव्या दिवशी काकीच्या परसात अख्खी वाडी. पडवीत वहिनीची बॅग भरून ठेवलेली. पालीला तिच्या माहेरी निरोप आधीच गेला होता. नम्रता मॅडम मागे उभ्या होत्या. बाबांचा टेम्पो रस्त्यावर, बाबल्या आजोबा सगळ्यात पुढे.

बाबांनी खण सोडला. पांढरे केस. पानं सोलली. नुसता दांडा.

"रिती!" बाबांनी बोट सरळ वहिनीकडे केलं. "दोष तिथे उभा आहे!"

काकीने डोळ्याला पदर लावला. "चल गो उमा. गाडीची येळ झाली."

"थांबा!" मी म्हणाले. आवाज जरा फाटला, पण पोचला. "अजून दोन ओट्या सोडायच्या आहेत."

"कुणी बांधल्या?"

"आम्ही."

"तुला काय अधिकार?"

"नववी ब," मी म्हणाले. कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत.

"आणि मी उघडायच्या आधी सांगते. जुळं झालेल्या घरचं कणीस रिकामं निघणार. आणि इथलं, चौथ्या ओळीतलं, भरलेलं."

तेजस्वी झाडच उपटून खांद्यावर घेऊन आली होती, कुणी अदलाबदल म्हणायला नको. बाबल्या आजोबांनी स्वतः सोडलं. पांढरे केस. नुसता दांडा.

"आता काय, बारशाच्या घरातबी दोष?" आजोबांनी दांडा उलटा करून बघितला. "तिथं तर दोन दोन पोरं रडतायत मेली."

"आता काकी, चौथी ओळ. तूच सोड."

काकीचा हात पुढे येईना. शेवटी तिने सूत तोडलं. केस तपकिरी, सुकलेले. पानं बाजूला केली तर पिवळे दाणे, टोकापर्यंत, दाटीवाटीने.

"यात पराग कोणाच्या हाताने पडला, माहितेय?" मी म्हणाले. "वहिनीच्या. रोज."

"म्हणजे ओटी सोडली!" बाबा ओरडले. "पाप!"

"सोडली," वहिनी पहिल्यांदाच बोलली. "सोडली म्हणून भरली."

मग मी केस, तुरा, धूळ सगळं समजावलं, जसं मॅडमनी मला सांगितलं होतं तसं. माणसं एकमेकांच्या परसातले उशिरा फुटलेले तुरे शोधून हलवायला लागली. धूळ हाताला लागत होती. त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती.

नम्रता मॅडम शांतपणे पुढे आल्या. "महाराज, घाटावर बियाणं तयार करतात त्या प्लॉटवर, नको तो पराग पडू नये म्हणून कणसांना अशाच कापडी पिशव्या बांधतात ना?"

"कापडी कुठे? कागदी बांधतात!" बाबा फाडकन म्हणाले. "मी सहा वर्षं तिथे..."

आणि थांबले.



"सहा वर्षं काय, महाराज?" मॅडमनी विचारलं.

महाराज टेम्पोकडे निघाले. पण टेम्पोत बाबल्या आजोबा आधीच चढून पोत्यांवर बसले होते. "माझ्या बकऱ्या इकायला लावलान ह्याने," ते सगळ्यांना सांगत होते. "आता ह्याचा दोष मी बघतो." पोलीस पाटील आले तेव्हाही ते उतरले नाहीत.

इकडे काकीने बॅग उचलली. "आत ठेवते," ती कुणाकडेच न बघता म्हणाली.

"नको," वहिनी म्हणाली. "मी जाणार आहे. दोन दिवस. आई तीन आठवडे रडतेय, तिला समोर बसून सांगते. शनिवारी येते. तोवर ह्यांना मुंबईहून बोलवून घ्या. रत्नागिरीला डॉक्टरांकडे जायचंय. आम्ही दोघांनी. मी एकटीने नाय."

काकीने बॅग खाली ठेवली. मग तिने विचारलं, "मक्याला पाणी कोण घालील?"

"तुमी," वहिनी म्हणाली आणि बॅग घेऊन एसटीला गेली.

वहिनीला मूल होईल की नाही, मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नव्हतं, आणि कणसाला तर मुळीच नव्हतं. कणसाला फक्त एवढंच माहीत असतं की पराग मिळाला की नाही. माझं मागणं साधं आहे. कुणी एक कणीस दाखवून तुमच्या घरातल्या माणसाला दाराबाहेर काढायला सांगितलं, तर हात जोडू नका. त्याला म्हणा, दुसरं कणीस दाखव. बांधलेलं दाखव, न बांधलेलं दाखव, शेजारच्या घरचं दाखव. आणि खण तुम्ही स्वतः सोडा.