वीसपैकी अठरा वेळा

सुमंगलाबाईंचा फोन त्यांच्या अंगठ्याला ओळखेनासा झाला, त्याचं कारण त्यांच्या मुलीला, ईश्वरीला, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आतड्याच्या कॅन्सरवर आई ज्या गोळ्या घेत होती, त्यांच्यामुळे तिचे तळहात सोलून निघत होते आणि बोटांवरच्या रेषा पुसत चालल्या होत्या. असं होईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पाथरीच्या त्या घरात दुपारी आई एकटीच असे. बाबा, म्हणजे विष्णुपंत, देवळात पूजेला. ईश्वरी सकाळी सातच्या एसटीने परभणीला, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायला. फोनचं लॉक कायमचं काढून टाकावं, तर बँकेचं अ‍ॅप ते करू देत नव्हतं, आणि आकडे दाबून उघडायचं तर आईच्या बधिर बोटांखाली दोनाच्या जागी पाच उमटे. एका दुपारी उलट्यांनी ती बेजार झाली. फोन हातात होता, पण उघडता आला नाही. ईश्वरी संध्याकाळी घरी आली तेव्हा आई न्हाणीत भिंतीला टेकून बसली होती. त्याच दिवशी ईश्वरीने वही काढली.

रोज वीस वेळा अंगठा टेकवायचा आणि किती वेळा फोन उघडला ते लिहायचं. पहिल्या दिवशी तीनदा. हात कोरडे पुसल्यावर चारदा. अंगठ्याची कड टेकवल्यावर सहादा.

"अगं, किती टेकवायला लावायलीस?" आई म्हणे. तिने तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. "पोरांना मी पाढे म्हणायला लावायचे, त्याचा बदला घ्यायलीस होय?"

"बोलू नकोस, अंगठा हलतो."

"अंगठ्याला काय तोंड हाय का?"

आकडा सातापुढे जाईना. शेवटी वैतागून एका रविवारी ईश्वरीने तीन गोष्टी एकदम केल्या. स्क्रीनवर चिकटवलेली जाड काच काढली, तोच अंगठा फोनमध्ये दोनदा नोंदवला आणि टेकवण्याआधी बोटाला ग्लिसरीन लावायला सांगितलं. त्या आठवड्यात आकडा नऊवर गेला, पुढच्या आठवड्यात तेरावर, मग अठरावर.

"बाबा, अठरा! वीसपैकी अठरा!"

"लय छान," विष्णुपंत म्हणाले आणि उपरणं शोधायला आत गेले. उपरणं त्यांच्या खांद्यावरच होतं. ईश्वरीला त्याचं हसू आलं.

मनात मात्र एक गोष्ट तिला टोचत राहिली. तिन्ही बदल एकदम केले, तर गुण नेमका कशाचा? हीच चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती, तर तिने त्याला प्रयोग पुन्हा मांडायला लावला असता. म्हणून पुढच्या रविवारी तिने एकेक बदल उलटा केला. नवी काच चिकटवली: अठरा. दुसरी नोंद पुसली: अठरा. ग्लिसरीन साबणाने धुऊन काढलं: एकोणीस.

म्हणजे तिच्या तिन्ही उपायांनी काहीच झालं नव्हतं.

तिने आईचा हात धरला आणि खिडकीशी नेला. कातडी मऊ झाली होती, भेगा भरल्या होत्या. उन्हात अंगठा तिरपा धरल्यावर बारीक रेषा दिसल्या, एकात एक वळत गेलेल्या, स्वच्छ.

"आई, गोळ्या घेतेस ना तू?"

आईने हात सोडवून घेतला नाही. "महिना झाला बंद करून."

"कुणाला विचारून?"

"डॉक्टरच म्हणाले. तुझ्या कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होते बघ, तवा आम्ही दोघंच नांदेडला गेलो. लिव्हरमधी पसरलंय. गोळ्यांचा आता उपयोग न्हाई, नुसता त्रास."

"दुसऱ्या गोळ्या असतील. दुसरा डॉक्टर—"

"विचारलं बाबांनी. दोन ठिकाणी विचारलं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगणारच होतो. पण तू संध्याकाळी यायचीस, चप्पल काढायच्या आधी वही मागायचीस. नऊ झाले, तेरा झाले. कसं सांगावं, बाई?"

ईश्वरीने वहीचं पान पुढे केलं. अठराचे आकडे एकाखाली एक होते, आणि शेजारी तिने स्वतःच्या हाताने 'सुधारणा' असं लिहिलेलं होतं. पेन हातात होतं, पण त्या शब्दावर रेघ मारायला हात उचलवेना.

"किती दिवस म्हणाले?"

"ते कशाला विचारतीस."

एवढ्यात फोन वाजून बंद झाला. पालमच्या मंजुषामावशीचा होता. आईने अंगठा टेकवला. फोन उघडला. तिने उलट फोन लावला आणि पदराने तोंड पुसून बोलायला लागली, "हां, बोल ग. न्हाई, आता बरं हाय. हात पण छान झालेत बघ. भाकरी थापता येईल आता."

अंगठ्याचा तो हात ईश्वरीने पुन्हा आपल्या हातात घेतला होता. बोलता बोलता आईने तो हळूच काढून घेतला, कारण ईश्वरी तो फार घट्ट दाबत होती.