दगडाचा श्वास

मित्रांनो, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, यशवंतरावांच्या देवघरात शिवलिंग म्हणून पुजला जाणारा मी वास्तविक चुनखडीचा एक जुना सुळका आहे; आणि रोज थोडा थोडा नाहीसा होत आहे.

माझा जन्म बस्तरच्या सालवनाखालच्या एका विस्तीर्ण गुहेत झाला. छतातून थेंब पडे, चुन्याचा कण मागे ठेवी आणि ओघळून जाई. बोटभर वाढायला मला कित्येक शतके लागली. भोवती दगडी पडदे होते, डबक्यात आंधळे मासे होते. वरून दुसरा एक सुळका माझ्या दिशेने उतरत होता. आमच्यात वीतभरच अंतर उरले होते.

तीन वर्षांपूर्वी, रेल्वेतून निवृत्त झालेले यशवंतराव तेथे सहलीला आले. वाटाड्याची पाठ वळताच त्यांनी दगडाच्या एका घावात मला मोडले आणि गमछ्यात गुंडाळले. देवाला अंधारातून सोडवले, असे त्यांना मनापासून वाटले. पण भाव खरा असला म्हणून कृत्य खरे ठरत नाही, हे माझ्या मोडल्या बुडाइतके कोण सांगू शकेल?

येथे मला मान मिळाला. पितळी भांडी घासावीत तसे ते मला रोज लिंबाने घासू लागले. पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर बारीक फेस उठला; मग तो रोजच उठू लागला.

"शारदा, इकडे पाय. महादेव श्वास घेऊन राहिले."

"मले तर ते लहान होऊन राहिलेले दिसतात," पत्नी म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

फेस पाहायला सारा पारा, म्हणजे आख्खा मोहल्ला, लोटला. शेजारचे रामकृष्ण म्हणाले, "भैया, अजून अकरा आणू. गल्लीच्या मंदिरात बसवू." यशवंतरावांनी गुहेतल्या वाटेचा नकाशा स्वहस्ते काढून दिला. आज सकाळी भनपुरीच्या भैय्यालालची भाड्याची जीप रामकृष्णांना आणि छिन्नी-हातोडे घेऊन निघाली.

दुपारी चौबे कॉलनीतून नात देवश्री आली. "आजोबा, ये चूना-पत्थर है. नींबू इसको खा रहा है."

"पोट्टे, देवाले नावं ठेवतं काय?"

ती वाद घालत बसली नाही. पूजेतली उरलेली लिंबाची फोड तिने उंबऱ्याबाहेरच्या चुनखडीच्या फरशीवर, चपलांच्या शेजारी पिळली. तेथेही तसाच फेस आला.

"इथं पण महादेवच श्वास घेऊन राहिले का?" तिने आजोबांच्याच बोलीत विचारले.

शारदाबाईंनी माझ्या अंगावरचा चांदीचा नाग बोटाने फिरवला. एकेकाळी घट्ट बसणारा तो वेढा खुळखुळला.

यशवंतरावांनी रामकृष्णांना तीनदा फोन लावला. जीप एव्हाना बस्तरच्या वाटेवरचा केशकालचा घाट चढून जंगलात शिरली असावी. फोन लागला नाही. मग त्यांनी पोथीतून गुहेचे जुने तिकीट काढले. त्यावर वनखात्याच्या नाक्याचा नंबर आहे. तो लावायचा, तर नकाशा कोणी दिला आणि पहिला घाव कोणाचा, हेही सांगणे आले.

मित्रांनो, मला आता कोणीही जोडू शकणार नाही. गुहेतल्या माझ्या तुटक्या बुंध्यावर थेंब अजून पडत असेल. त्याला त्याचे काम करू द्या. गुहेत जा, पाहा आणि रिकाम्या हातांनी परत या.

यशवंतरावांचे नऊ आकडे दाबून झाले आहेत. दहाव्यावर बोट थांबले आहे.