भारोभार

"बस की गं, दीपमाला. फळीचा काय चटका बसतोय?" धोंडाबाई काकू म्हणाल्या, तशा शेडमधल्या बायका हसल्या.

मी पदर सारखा करत उभीच. झेंडूचे क्रेट तोलायचा मोठा तराजू आज धुऊन, हळदकुंकू लावून टांगला होता. एका फळीवर गुळाच्या पाच ढेपा. दुसरी फळी माझी.

स्वराजच्या बाळंतपणात मी तीन दिवस शुद्धीवर नव्हते. तेव्हा सासूबाई वणीच्या देवीला बोलल्या होत्या, सून घरी आली तर तिच्या भारोभार गूळ वाटीन. स्वराज आता अकरा महिन्यांचा झाला. आणि ढेपा माझ्या नवऱ्यानं, योगेशनं आणल्या, दहा-दहा किलोच्या.

"पाचच?" मी त्याला हळूच विचारलं होतं.

"बायोडेटात एक्कावन्न होतं ना तुझं? एक किलो देवी सोडेल."

लग्नाचा बायोडेटा! आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हाही त्यातले दोन किलो मी लपवले होते. आज सकाळी घरच्या काट्यावर अठ्ठ्याहत्तर. नवसाची तारीख ठरल्यापासून रात्रीचं जेवण सोडलं होतं, तेही बाळ अंगावर पीत असताना. स्वराज रडला की वाटायचं, दूध कमी पडलं, माझ्यामुळेच. मग उठून पुन्हा काट्यावर. योगेशला खरं सांगायला तेवढा आकडाच तोंडातून निघायला हवा होता. निघाला नाही.

तुलेवर बसलं की तोल होईपर्यंत उठायचं नाही. काकूंनी मला दंडाला धरून बसवलं आणि कानाशी वाकल्या.

"अंगठा टेकव खाली अन् रेट दे. लुगड्याखाली कोन बघतंय? माझ्या जावंनंबी असंच केलं व्हतं."

फळी जमिनीपासून चार बोटंच वर होती. मी पाय टेकवला आणि रेटला. दोरखंड करकरले. माझी फळी उचलली, गुळाची खाली आली.

"झालं! बरोब्बर झालं!"

सासूबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. त्यांचे डोळे भरलेले. माझी पोटरी थरथरत होती. आता लवकर ओवाळा, एवढंच मनात.

त्यांच्यामागे आरोही उभी होती. माझी सहा वर्षांची मुलगी. गेल्या आठवड्यात तिच्या डब्यातला भात तसाच परत आला होता. विचारलं तर म्हणाली, "मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये." आरशासमोर मी स्वतःला काय काय बोलते, ते ती ऐकत होती तर.

आता ती माझ्याकडे टक लावून बघत होती. श्वास रोखून, पोट पार आत ओढून. फ्रॉकचा पट्टा ढिला पडलेला. ती पोट आत धरेल तेवढी मी हलकी होईन, असं काहीतरी तिच्या डोक्यात असावं.

मी पाय उचलला.

फळी धाडकन खाली आपटली. पाचही ढेपा वर गेल्या. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"अगं बया! योगेश, बायकोकडं आठ वर्सात पायलं नाय का रं तू?" काकू म्हणाल्या.

"आई, थोडी फुलं ठेवू का वर? प्रतीक म्हणून," योगेश पुटपुटला.

"फुलं बोलले व्हते का मी?" सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "किती गं, दीपमाला?"

"अठ्ठ्याहत्तर." कान तापले होते, पण आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला.

"अजून तीन ढेपा आन. जा."

मोटरसायकल गेली. बायका पाय पसरून बसल्या, गप्पा सुरू झाल्या. मी तशीच फळीवर, सगळ्यांच्या समोर. कुठे बघावं कळेना. गुळाला एक मुंगी लागली होती, तिच्याकडे बघत राहिले.

आरोही जवळ आली आणि मागून माझ्या गळ्यात पडली.

"ए पोरी, सर! तुझाबी गूळ द्यावा लागंल," काकू ओरडल्या.

ती सरली नाही. तिनं रोखलेला श्वास सोडला, आणि तिचं पोट माझ्या पाठीला लागलं, मऊ, गरम.