एक घर उजवीकडे

तिने दोन्ही तर्जन्या नव्या लॅपटॉपच्या कळांवरून पुन्हा फिरवल्या. उंचवटा नव्हताच. जुन्यावर दोन कळांना बारीकशी कड होती. तर्जनीला ती लागली की उरलेली बोटं आपापल्या घरी जाऊन बसत. इथे सगळं गुळगुळीत, काच पसरल्यासारखं. सकाळी तिने डिंकाचे दोन थेंब लावून पाहिले होते. ते खपलीसारखे निघून आले.

“दवाखान्याने दिलाय, जरा कौतुक कर,” समोर वाटाणे सोलत बसलेला नवरा म्हणाला. “केवढा हलका आहे!”

“हलका कोणी मागितला होता? मी काय डोक्यावर घेऊन नाचणार आहे? आणि बंद करायचं बटण बघा कुठे दिलंय. खोडायच्या बटणाला खेटून! चूक खोडायला जावं तर सगळंच विझतं.”

“मग चुकू नकोस.”

तो हसला. तीही हसली, जरा उशिरा.

जुन्या लॅपटॉपवर एक बटण दाबलं की अक्षरं मोठी होत. नव्यात ती सोय कुठल्याशा यादीच्या पोटात गेली होती, आणि ती यादी वाचायलाच मोठी अक्षरं हवी होती. हे कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर हातचं काम गेलं असतं. काम गेलं की दिवसभर नुसतं बसायचं, आणि नजरेच्या मधोमध पसरणाऱ्या त्या धुरकट डागाकडे बघत राहायचं.

फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती.

“ताई, रिपोर्ट झाला का हो? पेशंटला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. गाडी दारात उभी आहे.”

“झालाच. पाठवते.”

तिने कानात डॉक्टरांनी बोलून पाठवलेला रिपोर्ट लावला आणि टाईप करायला बोटं सोडली. ती पावसाच्या सरीसारखी धावली, न अडखळता. शेवटच्या ओळीनंतर मात्र हात थबकले. 

“अहो, एकदा नजर टाकता? माझा चष्मा आत राहिलाय.”

चष्मा तिच्या नाकावर होता.

तो उठला. हात पुसून तिच्या खुर्चीमागे आला, वाकला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘गीचीसी नीक’. पुढे पानभर तसंच. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे पडद्याकडे बघत होती.

दोघं एकाच टायपिंग क्लासची. तिथे मास्तर कळांवर फडकं टाकून शिकवत. बोटांचं घर चुकलं की असंच काहीबाही उमटे. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर हलकेच हलली, एकेक घर डावीकडे.

“हाताला…” तो वाचू लागला, “मार…”

ती ऐकत राहिली. पेपर मोठ्याने वाचताना ज्याला श्वास घ्यायचंही भान नसे, तो आज शब्दाशब्दापाशी थांबत होता. दुसऱ्या ओळीवर तिने हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले.

“अहो, बोटं किती घरं सरकलीत?”

“एकच,” तो म्हणाला. “उजवीकडे.”

त्याने तिचे हात परत वर घेतले, दोन्ही तर्जन्या धरून नेमक्या कळांवर टेकवल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

“आधी हे लिही. गाडी उभी आहे. मी शेजारी बसून वाचतो.” मग खालच्या आवाजात, “आणि झालं की सांग. कधीपासून?”

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने तिची बोटं सोडली.