आठ मासे आणि एक

नगरपालिकेचा नियम एका ओळीचा होता. किनाऱ्यावरच्या जुन्या दगडी बांधात अधिकाऱ्यासमोर मासा सापडला, तर बांध ‘वापरात’. न सापडला, तर ‘अवशेष’. अवशेषांवरून रास अल-सिदर या आखाती गावाचा नवा धक्का जाणार होता.

गावात असा एकच बांध उरला होता, जब्र काकांचा. भरतीबरोबर मासे भिंतीवरून आत येत, ओहोटीला पाणी दगडांच्या फटींतून निघून जाई आणि मासे कोपऱ्यात अडकत. काकांचे दोन्ही मुलगे गॅस प्रकल्पात पाळीवर जात. ढासळलेले दगड काका एकटेच रचत.

पाहणीला आलेली नगरपालिकेची अधिकारी लुलवा हिची पहिली भेट फुकट गेली. ती समुद्रविज्ञान शिकलेली, तरी भेटीची तारीख तिने कार्यालयाच्या वेळापत्रकातून उचलली होती. अर्धा चंद्र, भांगाचे दिवस, म्हणजे ओहोटी कमी. पाणी गुडघ्याखाली उतरलेच नाही.

“अर्ध्या चंद्राला बांध बघायला कोण येतं गं?” काका म्हणाले होते. “तुझ्या आजोबांनी त्यांच्या बांधावरून हाकलून दिलं असतं तुला.”

चूक तिची होती. म्हणून मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या दुपारी, उधाणाच्या ओहोटीला, ती पुन्हा आली. नियमाप्रमाणे तिसरी भेट नव्हती.

पाणी सरले. कोपऱ्यात आठ साफी मासे ओळीने पडले होते.

“बघ! लिही आता,” काका घाईने म्हणाले.

मासे ओळीने अडकत नाहीत, हे लुलवाला खटकले. तिने एकाचा कल्ला उघडला. तो तपकिरी होता. तिने दुसऱ्याचा उघडला.

“काका, हे बर्फातले आहेत.”

“सकाळच्या लिलावातले,” काका दगडावर बसले. “हसू नकोस. शेजारी बोटींसाठी नवा चर खोदल्यापासून इथे वाळू भरते. कधी येतात, कधी नाही. तुझ्या तारखेला येतीलच, हे मी कुणाच्या भरवशावर सांगू?”

“मी हे लिहू शकत नाही.”

“ठाऊक आहे. आजोबांसारखीच हट्टी आहेस.”

ती वही मिटून निघाली नाही. ओहोटी संपायला, तिच्या तक्त्याप्रमाणे, अजून बावीस मिनिटे होती. एकोणिसाव्या मिनिटाला, भिंतीच्या टोकाशी उरलेल्या वीतभर पाण्यात काहीतरी हलले.

लुलवाने वाकून दोन्ही हातांनी ते धरले. साफीच, चौदा सेंटीमीटर. कल्ले लाल होते आणि उघडमीट करत होते.

“बच्चा आहे,” काका उठत म्हणाले. “सोड त्याला. एवढ्या मापाचे आम्ही ठेवत नाही.”

“लिहून होईपर्यंत धरा. पाण्यात धरा.”

तिने लिहिले: वापरात. पकड एक, जिवंत. बांधात आणखी आठ मासे होते. ते बाजारातले असल्याने मोजलेले नाहीत.

काकांनी ओळ दोनदा वाचली. “हे शेवटचं लिहायलाच हवं होतं का?”

“हो. नाहीतर पहिल्यावर कोण विश्वास ठेवेल?”

मग भिंतीपलीकडे वाकून काकांनी माशावरची मूठ पाण्यात उघडली.